पाण्याकडे तोंड केलेले सहा बाण

आत्मारामची बातमी गावभर पसरवली ती मीच, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर मागून कोणीतरी सांगेलच. आमच्या आळीत सगळं मागूनच सांगतात.

बातमी अशी, की तीस वर्षांत आत्मारामचा एकही बाण चुकलेला नाही.

लगेच धनुष्यबाण डोळ्यांपुढे आणू नका. आत्माराम म्हणजे साठीला टेकलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधणारा, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहणारा एक किडकिडीत माणूस. इथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या खात्यात परिचर. त्या खात्यात आता दोन टेबलं, पाच कपाटं दगड आणि एक आत्माराम एवढंच शिल्लक होतं. पण बाहेरून कोणी संशोधक आला, पुण्याचा असो की परदेशातला, की पहिला प्रश्न हाच, "आत्माराम आहेत ना?"

त्याचं खरं काम कातळातून कांड्या काढण्याचं. वरचा तांबडा जांभा नव्हे, त्याच्या खालचा काळा कातळ. खांद्याला लावायचं पेट्रोलवरचं ड्रिल असतं, त्याला पुढे हिऱ्याच्या कण्यांची पोकळ नळी. एका बाजूने पाणी मारत राहायचं, नाहीतर नळी जळते. दहा मिनिटं कानठळ्या बसल्या की अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब अशी दगडाची कांडी सुटते. ती बाहेर काढण्याआधी पितळी पट्टी भोकात घालून तिची दिशा टिपायची. आणि हे होकायंत्राने करायचं नाही, कारण काळ्या कातळाशेजारी होकायंत्राला वेड लागतं. उन्हात एक काडी उभी करायची, तिची सावली बघायची, घड्याळ बघायचं आणि त्यावरून उत्तर दिशा काढायची. मग कांडीवर हिऱ्याच्या टोकाने बाण कोरायचा. बाणाचं टोक वर, आभाळाकडे. कांडी जमिनीत कशी उभी होती हे तो बाण सांगतो. तो चुकला तर पुढचं सगळं चुकलं.

आता एवढा उपद्व्याप कशासाठी, असं मी त्याला वीस वर्षांपूर्वी विचारलं होतं. त्याने डोकं खाजवलं. उत्तर दिलं त्याच्या बायकोने, कमळाने. ती तेव्हा घावन घालत होती.

"अण्णा, चूल जाग्यावर हाय, तवा सरकतोय," ती म्हणाली. "एवडंच हाय त्यात. ह्यांना सांगता येत नाय."

आणि खरंच एवढंच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला हा देश इथे नव्हताच. विषुववृत्ताच्या पार खाली, मॉरिशसच्या शेजारी ते रियुनियन बेट आहे, त्या भागात तरंगत होता. खाली पृथ्वीच्या पोटात एक चूल पेटलेली, आणि देश तिच्यावरून उत्तरेकडे सरकत चाललेला. बरोबर चुलीवर आला तेव्हा जमीन फाटली आणि लाव्हा थरावर थर वाहिला. तोच आपला काळा कातळ, तोच सह्याद्री. देश पुढे गेला, चूल मागे राहिली आणि समुद्रात डाग पाडत बसली. लक्षद्वीप, मालदीव, त्याच रेघेवर पुढे रियुनियन. तिथला ज्वालामुखी आजही धुमसतो.

हे कळलं कसं? दगडातूनच. लाव्हा निवताना त्यातले लोखंडाचे बारीक कण तेव्हाच्या उत्तर-दक्षिणेला धरून बसतात. एकदा बसले की पंगतीतल्या भिक्षुकासारखे, हलवून हलत नाहीत. ते किती कललेत यावरून देश विषुववृत्तापासून किती लांब होता ते समजतं, आणि खाली वाकलेत की वर, यावरून कुठल्या बाजूला. ध्रुवांचीही मधूनमधून अदलाबदल होते, पण त्या भावकीत आपण शिरायला नको.

मला या सगळ्यातलं एक वाक्य फार आवडलं होतं. तेव्हा देश वर्षाला जवळजवळ वीतभर चालायचा, आता हिमालयाला डोकं लावल्यापासून तीन बोटं चालतो.

"माझ्यासारकाच," आत्माराम गुडघे चोळत म्हणाला होता. "आदी धावला, आता फरफटतोय."

गेली दोन-तीन वर्षं त्याचं हे फरफटणं दिसायला लागलं होतं. ड्रिल उचललं की तासाभराने बसायचा. डबा उघडून न खाताच मिटायचा. एकदा रविवारी मी त्याला पत्त्यांना बोलावलं, तर पानं हातात धरूनच झोपला. मी त्याची पानं बघून घेतली. तीही वाईटच होती.

त्याच काळात मनस्विनी आली. मनस्विनी इथलीच, तिचे वडील शाळामास्तर होते. पुण्यात एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिचा विषय हाच, आपल्या किनाऱ्यावरचा कातळ घट्ट होत होता तेव्हा देश नेमका कुठवर आला होता. चौदा जागा तिने ठरवल्या, हेदवीच्या समुद्रकाठच्या कातळापासून मिरजोळ्याच्या पलीकडल्या खडीच्या खाणीपर्यंत. प्रत्येक जागी सहा कांड्या. म्हणजे चौऱ्याऐंशी. बाण सगळे आत्मारामचे.

आत्माराम मे अखेरीला निवृत्त होणार होता. कॉलेजने मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण गावात रिकामा आणि शुद्ध लिहिणारा असा मी एकटाच. मी बैठक मारून एक वाक्य काढलं: 'परशुरामाने एक बाण मारून कोकण वर काढले, आमच्या आत्मारामाने हजारो बाण मारले, आणि त्यांतला एकही चुकला नाही.' स्वतःवरच खूश झालो. न्हाव्याकडे सांगितलं, मासळीबाजारात सांगितलं, बँकेत पासबुकाच्या रांगेत सांगितलं. आठवडाभरात लोक आत्मारामला रस्त्यात थांबवून म्हणायला लागले, "काय रे, एकही चुकला नाही म्हणे!" तो बिचारा मान हलवून पुढे जायचा.

आणि मग मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात मनस्विनी संध्याकाळी त्याच्या पडवीत आली. मी तिथेच होतो. मी बहुधा तिथेच असतो.

पोरीचं तोंड पार उतरलेलं. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, माझं संपलं."

"काय झालं ग?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर कांड्या बरोबर आल्यात. कण खाली वाकलेले, जसे हवेत तसे. देश विषुववृत्ताच्या खाली. पण सहा कांड्या उलट्या आहेत. त्यांच्यात कण वर बघतायत. म्हणजे त्या सहांच्या मते देश तेव्हाच विषुववृत्ताच्या वर पोचला होता. एकाच लाव्ह्यात!"

"मग त्या सहा टाकून दे," मी म्हटलं. मला वाटलं मोठा सल्ला दिला.

"नाही टाकता येत, अण्णा. सर म्हणतात, सहा उलट्या आल्या याचा अर्थ फील्डवर तू निष्काळजीपणा केलास. मग उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांवर विश्वास का ठेवायचा? एक तर चूक कुठे झाली ते पुराव्याने दाखव, नाहीतर सगळ्या कांड्या पुन्हा काढ. पंधरा जूनला माझी मुदत संपते. पुन्हा काढायच्या कधी? आणि काढणार कोण?" एवढं बोलून तिने आत्मारामच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "सावली मीच वाचत होते. माझ्याच हातून काहीतरी झालंय. तीन वर्षं गेली माझी."

आत्मारामने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कुठल्या जाग्यावरच्या त्या सहा?"

"मिरजोळ्याच्या खाणीतल्या. खालची पायरी. जिथे पाणी लागलं होतं बघा."

तो उठला. "मना जरा बरं वाटत नाय," म्हणाला आणि आत गेला. मनस्विनी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "दमलाय गं. हल्ली असाच करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी नुकता आडवा झालेलो, तोच हा दारात. खुर्ची दिली तर उंबऱ्यावरच बसला.

"अण्णा, ते बाण मी चुकवलंय."

मी उठून बसलो.

त्याने सांगितलं ते असं. त्याचा बाप रघू विहिरी पाडायचा, आजा पण तेच करायचा. त्यांच्या घरात एक रीत होती. विहीर खणताना ज्या दगडाखाली पहिलं पाणी लागेल तो दगड फोडायचा नाही, अख्खा वर काढायचा. पण काढण्याआधी त्याच्यावर छिन्नीने बाण मारायचा, टोक खाली, पाण्याकडे. मग विहीर बांधून झाली की तो दगड कठड्यात बसवायचा, टोक खालीच ठेवून. दगड जसा निजला होता तसाच निजला पाहिजे. उलटा बसवला तर पाणी रुसतं, असं रघू म्हणायचा. आत्माराम आठ वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर ते बाण मारत होता. कॉलेजात लागला तेव्हा हात उलटा शिकवायला त्याला सहा महिने लागले.

"त्या दिवशी सकाळपासनं चौथी जागा होती," तो म्हणाला. "डोकं झोपलं होतं माझं. ड्रिल खाली गेलं आणि भोकातनं पाणी आलं वर. झऱ्याचं, थंड. मी हात जोडलं. मंग बाण मारलं. सहाच्या सहा. टोक पाण्याकडं. डोकं झोपलं तरी हात जागा होता ना. हातानं बापाचं काम केलं."

माझ्यासारख्या माणसाचं डोकं भरभर चालायला लागतं तेव्हा त्यात पापच असतं. मी म्हटलं, "आत्माराम, पंचवीस दिवस राहिलेत. मानपत्र छापायला गेलंय. तू मुकाट बस. तिला म्हणू यंत्र बिघडलं असेल."

"आणि तिची तीन वर्सं?"

"ती तरुण आहे. पुन्हा काढेल."

"तुमी काय बोलताव अण्णा," तो शांतपणे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "माझं नाव तुमी एवडं वाडवून ठेवलंत की मना उचलत नाय. ड्रिलपेक्षा जड झालंय."

त्याच संध्याकाळी तो मनस्विनीच्या घरी गेला आणि सांगून आला. आता गंमत बघा. गंमत म्हणजे माझी फजिती. तिने त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही.

"काका, तुम्ही मला वाचवायला बोलताय," ती म्हणाली. "तुमचा बाण कधी चुकतो का? सगळं गाव सांगतं."

तिने तरी पुण्याला फोन केला. सर म्हणाले, जाता जाता गरीब माणूस तुझ्या प्रेमापोटी आळ अंगावर घेतोय, हे मला चालणार नाही, पुरावा आण. म्हणजे मी बाजारभर फुंकलेली कीर्ती आता फिरून आत्मारामच्याच अंगावर आली. खरं बोलला तर कोणाला पटेना.

मग कमळा पुढे झाली. घरात ती एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा अनेक वर्षं शिव्या घालत सांभाळत होती. कांडी प्रयोगशाळेत गेली की तिची दोन्ही टोकं कापून काढतात आणि मधला तुकडाच यंत्रात घालतात. कापलेली टोकं लोक फेकून देतात. पण आत्माराम ज्या घरात वाढला तिथे दगड फेकत नाहीत. सगळ्या टोकांना तो 'शेंड्या' म्हणायचा आणि त्या परत मागवून, जागेचं नाव लिहून डब्यात ठेवायचा.

"हे घ्या तुमचं सोनं," कमळाने डबा माझ्या पायाशी आदळला. "किती वर्सं म्हंटलं टाका, टाका. आता काय त्यात हाय ते काढा."

मिरजोळ्याच्या शेंड्या निघाल्या. कांडीचं वरचं टोक कातळाच्या पाठीसारखं घासलेलं असतं, आणि खालचं टोक खडबडीत, कारण तिथे ती मोडून काढलेली असते. बाकी सगळ्या जागांच्या कांड्यांत बाणाचं टोक घासलेल्या बाजूला होतं. या सहांत ते मोडलेल्या बाजूला. मनस्विनीने सहाही हातात घेऊन बघितल्या. पण तरी म्हणाली, "काका, सर म्हणतील मोडकी कुठली आणि घासलेली कुठली हे नुसतं बघून कोण सांगणार?"

"भोक सांगंल," आत्माराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं रिक्षाने मिरजोळ्याला गेलो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, माझं तिथे काय काम? काही नाही. पण मी गेलो नसतो तर तुम्हाला सांगितलं कोणी असतं?

खाण त्या दिवशी बंद होती. खालच्या पायरीवर जायला उतरती वाट आहे, कचखडीची. आत्माराम एकेक पाऊल आडवं टाकत उतरला. मधे दोनदा बसला. कमळा त्याच्यामागे घमेलं घेऊन, त्यात होळीची पिचकारी, एक वेताची काठी आणि केळीच्या पानात गुंडाळलेला फणसाचा चीक. मी छत्री उघडून वरच्या दगडावर ठाण मांडलं. तिथून सगळं दिसत होतं.

सहा भोकं अजून होती, पाण्याने आणि भुकटीने भरलेली. आत्माराम पालथा पडून पिचकारीने एकेका भोकातलं पाणी ओढायला लागला. ओढायचं, बाजूला सोडायचं, पुन्हा ओढायचं. झऱ्याचं पाणी परत भरत होतं. अर्ध्या तासात एक भोक रिकामं झालं. मनस्विनी म्हणाली, "काका, मला द्या." तो म्हणाला, "नको. माझं हाय."

मग त्याने काडी पेटवून चीक मऊ केला, काठीच्या टोकाला लावला, त्याला पहिली शेंडी चिकटवली, मोडलेली बाजू आणि बाणाचं टोक खाली ठेवून. काठी भोकात सोडली. तळाला लागली. बसेना. त्याने हळूहळू फिरवायला सुरुवात केली, जात्याचा खुंटा फिरवतात तशी. एकाएकी काठी एक तांदूळभर खाली गेली आणि मग फिरेनाच. आतली शेंडी जिथून मोडली होती तिथेच जाऊन बसली होती.

मनस्विनी मोबाईलवर व्हिडिओ घेत भोकात बघत होती. "बसली," ती हळूच म्हणाली. "काका, बसली! बाण खाली आहे!"

वर मी टाळी वाजवली. मूर्खपणाच झाला. कारण खाली आत्मारामने कपाळ कातळाला टेकलं होतं, आणि ती टाळी कशाची होती हे मला तेव्हा समजलं. पोरीची तीन वर्षं परत आली होती, आणि त्याची तीस वर्षं त्या भोकात गेली होती. दोन्ही एकाच वेळी.

"पुढची," तो म्हणाला.

दुपारपर्यंत पाच बसल्या. सहावीचा तळ पाण्याने झिजून गेला होता, ती कशीच धरेना. मनस्विनी म्हणाली पाच पुरेत. आत्माराम तरी दहा मिनिटं ती फिरवत राहिला. शेवटी कमळाने त्याचा हात धरला. "पुरे आता. उटा."

वर येताना त्याला आम्ही तिघांनी मिळून ओढलं. म्हणजे त्या दोघींनी. मी छत्री धरली होती. बसलेल्या पाच शेंड्या त्याने परत काढल्याच नाहीत. त्यांच्या जागी, त्यांच्या तोंडाने, तशाच ठेवल्या.

पुण्याच्या सरांनी व्हिडिओ तीनदा बघितला. सहा कांड्यांचे आकडे उलटे करून पाहिले, तर त्या मुकाट अठ्ठ्याहत्तरांच्या रांगेत येऊन बसल्या. देश पुन्हा विषुववृत्ताच्या खाली गेला. सर सही करतो म्हणाले.

मनस्विनीने प्रबंधात एक परिच्छेद घातला आणि वाचून दाखवायला आणला. त्यात होतं, 'क्षेत्रीय सहाय्यकाकडून सहा नमुन्यांवरील दिशाखूण उलट झाली.'

"सहाय्यक कोण?" आत्मारामने विचारलं.

"काका, नाव कशाला?"

"नाव घाल. उद्या भलत्यावर आळ जायचा. रीत पण लिही. पाणी लागलं म्हणून, असं लिही. नायतर वाटेल दारू पिऊन मारलंनीत."

तिने नाव घातलं आणि रीतही लिहिली. पुण्याच्या सरांनी त्यातला 'पाणी रुसतं' एवढा भाग काढायला लावला. शास्त्रात रुसवाफुगवा बसत नाही म्हणे.

राहिलं माझं मानपत्र. छापखान्यात जाऊन मी ते वाक्य बदललं. जीव तुटत होता, कारण वाक्य खरंच चांगलं होतं. नवं असं झालं: 'आत्मारामाने हजारो बाण मारले. त्यांतले सहा चुकले, आणि ते कुठले हे त्यानेच सांगितले.' परशुराम काढून टाकला. तो आता जुळत नव्हता.

समारंभाला पंचवीस-तीस माणसं होती, पंखे घरघरत होते, प्राचार्यांनी ते वाक्य चष्मा नसल्यामुळे अडखळत वाचलं आणि अर्ध्या लोकांनी ऐकलंच नाही. शाल, नारळ, फोटो. आत्माराम शालीत घामाघूम होऊन बसून राहिला. घरी येताना मला म्हणाला, "अण्णा, आदीचं तुमी गावभर सांगितलंत."

"हो."

"आता हे पण सांगा. तेवड्याच लोकांना."

हे काम सोपं नाही हो. चुकला नाही ही बातमी आपल्या पायांनी चालते, चुकला ही मात्र या माणसाच्या बाबतीत खांद्यावर घेऊन फिरवावी लागते. न्हावी म्हणाला, "सहाच ना? सोडा." मासळीबाजारात चिमा म्हणाली, "त्या गरिबाच्या मागं काय लागलाव? बांगडं घ्यायचं तर घ्या." बँकेत रांग पुढे सरकली. कोणाला ऐकायचंच नाही. मीही दमलो. पण संध्याकाळी पडवीत गेलो की हा डोळे मिटूनच विचारतो, "आज कोणाला सांगितलंत?" मी नाव सांगतो. तो मान हलवतो. बोटांवर मोजतो की काय, कळत नाही.

काल मी म्हटलं, "आज कोणाला नाही. आज लिहून काढलं."

त्याने एक डोळा उघडला. "किती चुकलं म्हणून लिवलंत?"

"सहा."

"बरं," तो म्हणाला, आणि गुडघ्याचे पट्टे सोडून आडवा झाला.